घरातला छोटा कारखाना

मराठी मध्यमवर्गीय घरात मोठी खरेदी कधी एका दिवसात होत नाही. आधी त्या वस्तूचा विषय निघतो, मग ती गरजेची की चैनीची या वादात दोनचार रात्रींची जेवणे जातात, मग मेहुणे, शेजारी आणि कचेरीतले जाणकार यांची मते गोळा होतात आणि अखेर दसरा किंवा पाडवा गाठून वस्तू घरात येते. सायकल, शीतकपाट, रंगीत टीव्ही, स्कूटर या सगळ्यांनी याच वाटेने उंबरा ओलांडला. त्यातल्या बहुतेक सोयीच्या वस्तू. शिलाई मशीनचे मात्र तसे नव्हते. ते घरात आले की चार पैसे आणायचे. दुपारची झाकपाक झाली की घरातली बाई मशीनवर बसायची. ब्लाऊज, साडीचे फॉल, शाळेचे गणवेश शिवायची. त्या खडखडाटावर कित्येक मुलांची फी भरली गेली आहे.

शिलाई मशीनची ती जागा आता अनेक घरांत संगणक घेऊ लागला आहे. पत्रे लिहायचा किंवा तिकिटे काढायचा संगणक नव्हे, चित्रे घडवणारा. बांधकामाचा पाया खणण्यापूर्वीच जाहिरातीत झळकणारी इमारत, तिच्या सज्जातली तुळस, भिंतीवर पडलेले तिरपे ऊन हे सारे आपण छायाचित्र समजून पाहतो. ते छायाचित्र नसते. कुणीतरी ते घर संगणकात बांधलेले असते आणि तो सूर्यही तिथेच उगवलेला असतो. दागिन्यांच्या जाहिराती, टीव्हीवरची शीर्षके, लहान मुलांची कार्टुने, वास्तुरचनाकारांची सादरीकरणे या सगळ्यांना असली चित्रे लागतात आणि ती करणारी पुष्कळशी मुले आज आपापल्या घरीच बसून काम करतात. साहजिकच बारावीनंतर 'मला ग्राफिक्सला जायचंय' असे सांगणारे अपत्य आता घरोघरी निघते आणि त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येते, 'त्यासाठी चांगला कॉम्प्युटर लागेल.' चांगला म्हणजे केवढ्याचा, हे तिसरे वाक्य ऐकल्यावर वडील वर्तमानपत्र खाली ठेवतात.

या विषयावर मी लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पण त्याआधी तीन तपांहून अधिक काळ बँकेत होतो आणि त्यातली पहिली काही वर्षे ग्रामीण शाखेत काढली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. म्हशीसाठी कर्ज द्यायचे, त्यावर सरकारी अनुदान असायचे. अर्जात म्हशीची किंमत असे, विम्याची रक्कम असे. पण वैरण, पेंड, पाणी, ढोरांच्या डॉक्टरची फी यांचा रकाना पुष्कळदा कोराच राही. म्हैस घरी यायची, चार महिने दूध द्यायची, वैरण तुटली की आटायची. हप्ता मात्र आटत नसे. तेव्हापासून एक सवय लागली. कुणीही कसलेही यंत्र घ्यायचे म्हटले की त्याची किंमत मी शेवटी विचारतो. आधी विचारतो, ते काम काय करणार, आणि खाणार काय?

२०२५ च्या उन्हाळ्यात हाच प्रश्न मला आमच्या इमारतीतल्या एका घरी विचारावा लागला. बाई पोळीभाजीचे डबे करतात. यजमान एका खासगी कंपनीत, पगार बेताचा. मुलगी ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या संस्थेने एक छापील कागद हातात दिला होता; त्यावरचा लॅपटॉप दीड लाखाच्या घरातला. एका दुकानदाराने दुसरा कागद दिला होता, पंचाण्णव हजारांचा. बाईंचे आवर्ती ठेवीचे खाते नुकतेच पिकले होते. त्यात होते ऐंशी हजार. "काका, पंधरा हजार उसने घेऊन हे घ्यावं का?" एवढेच त्यांना विचारायचे होते.

मी त्यांना डब्याचा हिशेब विचारला. एका डब्यामागे वीस रुपये सुटतात म्हणाल्या. म्हणजे ऐंशी हजार रुपये हे चार हजार डबे झाले. समोरच्या कागदावर चार हजार डबे ठेवलेले आहेत असे समजून मग आम्ही तिघे बसलो: बाई, मुलगी आणि मी. संगणकातले मला जेवढे कळत होते त्यापेक्षा मुलीला अधिक कळत होते आणि यंत्राकडून काय काम करून घ्यायचे हे आम्हा दोघांपेक्षा तिच्या आईला अधिक कळत होते, हे पुढे दिसेलच.

आधी ते काम समजून घेऊ. १९७५ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल हा संशोधक संगणकावर वस्तूंची चित्रे काढण्याच्या खटपटीत होता. नमुन्यासाठी कोणती वस्तू घ्यावी ते सुचेना. चहा पिताना त्याच्या पत्नीने सुचवले, समोरचा चहाचा संचच का घेत नाहीस? त्याने किटलीचे रेखाटन केले, तिच्या वळणांचे आकडे संगणकाला दिले आणि ती किटली या शास्त्रातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू ठरली. खरी किटली आज कॅलिफोर्नियातल्या संगणक संग्रहालयात आहे. तर, किटलीचा आकार आकड्यांत मांडणे हे झाले अर्धे काम. तिच्यावर खिडकीतला उजेड कसा पडेल, पोटावर बशीचे प्रतिबिंब कसे दिसेल, मागे सावली किती गडद पडेल याचा हिशेब करून प्रत्यक्ष चित्र उमटवणे हे उरलेले अर्धे. त्यालाच रेंडरिंग म्हणतात. पहिले अर्धे माणसाच्या डोक्याचे आणि डोळ्यांचे काम, दुसरे यंत्राच्या हमालीचे.

ही हमाली केवढी? १९८० साली टर्नर व्हिटेड या शास्त्रज्ञाने प्रकाशकिरणांचा माग काढत चित्र उमटवण्याची पद्धत मांडली. काचेच्या गोळ्यांचे त्याचे एक छोटेसे चित्र काढायला त्या काळच्या कपाटाएवढ्या व्हॅक्स संगणकाला ७४ मिनिटे लागली. १९९५ साली 'टॉय स्टोरी' हा संपूर्णपणे संगणकावर घडवलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला, तेव्हा त्याची चित्रे उमटवायला ११७ संगणक रात्रंदिवस जुंपलेले होते. एवढा गोठा सांभाळणे कुणा व्यक्तीला शक्यच नव्हते. आता २०२५ च्या मार्चमध्ये काय झाले पाहा. लॅटव्हिया या चिमुकल्या देशातल्या गिंट्स झिल्बालोडिस या तरुण दिग्दर्शकाच्या 'फ्लो' या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. पुरातून वाचलेल्या एका मांजराची ती गोष्ट, तिच्यात संवाद नाहीत. हा चित्रपट ब्लेंडर नावाच्या, कुणालाही फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर केला गेला आणि त्याची अंतिम चित्रे दिग्दर्शकाने आपल्या स्वतःच्या संगणकावर उमटवली. कारखाना घरात आला तो असा. मात्र त्या चित्रपटामागे पाच वर्षांहून अधिक मेहनत होती आणि तीन देशांतले कलावंत होते, हेही मुलांना त्याच दमात सांगावे.

आता साधे गणित करू. टीव्हीवरच्या नेहमीच्या आकाराच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायला यंत्र अनेक प्रकाशकिरणांचा माग काढते. हलत्या चित्रासाठी सेकंदाला अशी २४ चित्रे लागतात. तीस सेकंदांची जाहिरात करायची तर ७२० चित्रे झाली. एका चित्राला तीन मिनिटे धरली तर ३६ तास. तेच काम कमकुवत यंत्रावर पाचपट वेळ घेऊ लागले तर १८० तास, म्हणजे साडेसात दिवस. आणि रेंडर झाल्यावर गिऱ्हाईक म्हणते, 'बाकी छान आहे, पण भिंत जरा पिवळी करा.' छत्तीस तासवाला शनिवारी कामाला लावून सोमवारी पिवळी भिंत देतो. साडेसात दिवसवाल्याचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. यंत्राचा वेग हा इथे मिरवायचा विषय उरत नाही. त्यावर मुलीचे काम टिकणार की नाही हे ठरते.

मग हा वेग येतो कुठून? इथे मुलगी आईला समजावू लागली आणि तिची भाषा अवघड होत गेली. प्रोसेसर, कोअर, थ्रेड. आई म्हणाली, "पोळ्यांसारखं सांग." आणि मग सगळे सोपे झाले. संगणकाचा प्रोसेसर म्हणजे मोजक्या तरबेज सुगरणी. कुठलाही पदार्थ सांगा, त्या करतील. मीठ कमी पडले तर ओळखतील, भाजी करपायच्या आत गॅस बंद करतील. मुलीने निवडलेल्या प्रोसेसरमध्ये अशा सहा होत्या. ग्राफिक्स कार्ड म्हणजे नुसत्या पोळ्या लाटणाऱ्या हातांची रांग. त्यांना दुसरे काही येत नाही, पण तिच्या कार्डात ते हात ३५८४ आहेत. वीस लाख ठिपक्यांचा हिशेब म्हणजे वीस लाख पोळ्याच. प्रत्येकीची कृती तीच, एकीचा दुसरीशी संबंध नाही. अशा कामाला सहा सुगरणींपेक्षा साडेतीन हजार लाटणारे हात केव्हाही बरे.

बाईंनी लगेच पुढचा प्रश्न केला. "एवढे हात, पण ओटा केवढा?" मी बँकेत अनेक तांत्रिक अहवाल ऐकले, इतका नेमका प्रश्न क्वचित ऐकला. ग्राफिक्स कार्डाला स्वतःची स्मृती असते, जीबीमध्ये मोजतात, तोच त्याचा ओटा. चित्रातले घर, झाडे, कापडाचे पोत, सारे रेंडरच्या वेळी त्या ओट्यावर मांडावे लागते. मावले नाही तर काम कमालीचे मंदावते किंवा मध्येच बंद पडते. खेळांसाठी ४ किंवा ६ जीबीवर भागत असेलही, पण गंभीर कामाला ८ जीबी ही खालची पायरी समजावी आणि १२ जीबी मिळाले तर सोडू नये. दुकानदाराच्या पंचाण्णव हजारांच्या यंत्रात कार्ड ४ जीबीचे होते! पैसा गेला होता महागड्या प्रोसेसरमध्ये, पाण्याने थंड होणाऱ्या नळ्यांमध्ये आणि काचेच्या पेटीतल्या सप्तरंगी दिव्यांमध्ये. दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने खेळणाऱ्या मुलाच्या हौसेचे यंत्र सुचवले होते, कामाचे नव्हे, इतकेच.

आम्ही ठरवलेला हिशेब असा होता. आकडे गोल केले आहेत. ग्राफिक्स कार्डाला २४ हजार. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून १९ हजार. ३२ जीबी रॅमला ६ हजार. एक टेराबाइट एसएसडीला साडेपाच हजार. वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायला ५ हजार. पेटीला ३ हजार. पडद्याला १० हजार. यूपीएसला ६ हजार. कीबोर्ड आणि माउसला हजार. एकूण साडेएकोणऐंशी हजार. उरलेल्या पाचशेत बाईंनी पेढे आणले. भाव बदलत राहतात. त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांनी स्मृतीच्या चकत्यांना मागणी वाढवली आणि रॅमचे भाव भडकले. त्यामुळे रुपये पाठ करू नयेत, प्रमाण लक्षात ठेवावे. सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा, त्याखालोखाल प्रोसेसर आणि मदरबोर्डाच्या जोडीचा, आणि दिव्यांचा वाटा शून्य.

कार्ड होते एन्व्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०६०, २०२१ साली बाजारात आलेले. जुने कशाला, हा प्रश्न मेहुण्यांनी विचारलाच. त्याच कंपनीचे २०२३ चे ४०६० वेगाने सरस आहे, पण त्याचा ओटा ८ जीबीचा आहे. ३०६० चा १२ जीबीचा. मुलीचे काम घरांच्या अंतर्भागाचे, सामानाने भरलेले. तिला ओटा मोठा हवा होता. इथे एक सावधगिरी सांगतो. ३०६० याच नावाचे ८ जीबीचे कार्डही नंतर निघाले. तेव्हा नावावर जाऊ नये, खोक्यावरचा जीबीचा आकडा वाचावा. याच कंपनीचे कार्ड घेण्यालाही कारण होते. ग्राफिक्स कार्डाकडून चित्रांखेरीज इतर गणितेही करून घेण्याची कुडा नावाची पद्धत तिने २००७ पासून रुजवली आणि रेंडरिंगचे पुष्कळ प्रोग्रॅम तिच्यावर बेतलेले आहेत. ब्लेंडर इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालते. तेव्हा आधी प्रोग्रॅम ठरवावा, मग कार्ड.

बाकीच्या घटकांचेही दोन शब्द. रॅम ही स्वयंपाकघराची एकूण जागा आणि एसएसडी ही धान्याची कोठी. एकाच ३२ जीबीच्या पट्टीपेक्षा १६ च्या दोन घ्याव्यात, प्रोसेसरला दोन्ही हातांनी सामान घेता येते. मदरबोर्ड मात्र चार खाचांचा घ्यावा, म्हणजे पुढे आणखी दोन पट्ट्या बसतात. पडदा आकाराने मोठा नसला तरी चालेल, पण रंग खरे दाखवणारा हवा. आयपीएस जातीचा पडदा बाजूने पाहिला तरी रंग बदलत नाही. चुकीच्या पडद्यावर काम करणारा कलावंत म्हणजे सर्दी झालेला आचारी. त्याला स्वतःच्या आमटीचा वास येत नाही.

आता येतो वैरणीचा भाग, जो दोन्ही छापील कागदांत नव्हता. रेंडर चालू असताना असे यंत्र रात्ररात्र पूर्ण ताकदीने राबते. पॉवर सप्लाय हलका घेतला तर पैसे वाचतात हजार-दोन हजार आणि तो जळताना सोबत कुणाला घेऊन जाईल सांगता येत नाही. तो नामांकित कंपनीचा, निदान ५५० वॅटचा घ्यावा. यूपीएस घरोघरी असतो तो छोटा ६०० व्हीएचा. तो साधारण ३६० वॅटच पेलतो. आम्ही १ केव्हीएचा घेतला. तो काही तासन्‌तास यंत्र चालवणार नाही, पण वीज गेल्यावर काम जतन करून शांतपणे बंद करण्याइतका अवधी देतो. आणि ज्या भिंतीत तीन पिनांचा प्लग जाणार, त्यामागे खरेच अर्थिंग आहे का, हे वायरमनला बोलावून तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत तिसरे भोक पुष्कळदा नुसते शोभेचे असते. आमच्याकडे तसेच निघाले. नवी तार ओढायला दिवस गेला, पण लाखाच्या आसपासची वस्तू त्याशिवाय लावणे म्हणजे विम्याशिवाय म्हैस बांधणे.

विजेच्या बिलाची बाईंना धास्ती होती. त्याचाही हिशेब मांडला. ग्राफिक्स कार्ड स्वतः १७० वॅट खाते. सगळे यंत्र पडद्यासकट ३०० वॅट धरू. छत्तीस तासांचे झाले १०.८ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर १०८ रुपये. एका जाहिरातीच्या कामामागे १०८ रुपये ही वैरण महाग नाही, मात्र ती कामाच्या दरात धरली पाहिजे. यंत्र पलंगाखाली किंवा बंद कपाटात कोंबू नये. त्याला श्वास घेऊ द्यावा, महिन्या-दोन महिन्यांनी पंख्यांवरची धूळ काढावी. ज्या घरात ते राबते त्या घरात मे महिन्यात आणखी उकडते, याचीही सर्वांनी मानसिक तयारी ठेवावी.

लॅपटॉप का नाही? ज्याला रोज कॉलेजात यंत्र न्यावेच लागते त्याने लॅपटॉपच घ्यावा, इलाज नाही. पण त्याच नावाचे ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपमध्ये कमी विजेवर चालवावे लागते, त्यामुळे हळू चालते. जागा अपुरी, म्हणून लवकर तापते. आणि उद्या ते कमी पडले तर बदलता येत नाही, सबंध यंत्रच बदलावे लागते. दुसऱ्या हाताच्या कार्डाचेही तसेच. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांवर ते चलन 'खणण्याचा' धंदा बसला आणि वापरलेली कार्डे बाजारात आली. त्यातली काही उत्तम असतात. पण अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहिल्याशिवाय आणि वॉरंटी किती उरली ते बिलावर पाहिल्याशिवाय घेऊ नये. चार हजार डब्यांच्या पैशात तो धोका नको, असे आम्ही ठरवले.

राहिला प्रोग्रॅमचा खर्च. दुकानदार म्हणाला होता, 'सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो, फ्री.' ही फुकटेगिरी म्हणजे चोरीचा माल. त्यातून विषाणू येतात ते वेगळेच, पण ज्या मुलीला उद्या आपल्या चित्राचे पैसे मागायचे आहेत तिने दुसऱ्याच्या मेहनतीचे बुडवून सुरुवात का करावी? विशेषतः ब्लेंडर असताना. टोन रोझेनडाल या डच गृहस्थाने १९९४ मध्ये ते घडवायला घेतले. पुढे त्याची कंपनी बुडाली आणि ब्लेंडरही गुंतवणूकदारांच्या ताब्यात अडकले. ते सोडवायला एक लाख युरो हवे होते. २००२ साली वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली, सात आठवड्यांत रक्कम जमली आणि त्या ऑक्टोबरपासून ब्लेंडर सर्वांना खुले झाले. बुडीत कंपनीची मालमत्ता गिऱ्हाइकांनीच वर्गणीने सोडवून गावाला दान केली, असा प्रकार मी बँकेच्या इतक्या वर्षांत पाहिला नाही. चित्रे रंगवायला क्रिता, रेषाकामाला इंकस्केप हेही तसेच खुले आहेत.

भाग मुलीने स्वतः निवडून आणले. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, दिल्लीत नेहरू प्लेस. प्रत्येक शहराचा असा एक रस्ता असतो जिथे दहा दुकानांत एकाच वस्तूचे दहा भाव सांगतात. तिने प्रत्येक भागाचे पक्के बिल घेतले, त्यावर अनुक्रमांक लिहून घेतला. कच्च्या बिलाचा मोह होतो, कारण १८ टक्के कर वाचतो. पण पुढे वॉरंटीच्या वेळी कच्चे बिल दाखवून दुकानदार ओळखही देत नाही. जोडणी घरातच जेवणाच्या टेबलावर झाली. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी धातूला हात लावायचा, प्रोसेसर दाबायचा नाही, नुसता ठेवायचा, त्यावर उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा वाटाण्याएवढा ठिपका, रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. तीन तास लागले. मेहुण्यांनी टॉर्च धरला. ज्याने यंत्र जोडले त्याला ते दुरुस्तही करता येते, हा या उद्योगाचा मोठा नफा.

म्हशीच्या कर्जात आणखी एक चांगला संकेत असे. दोन म्हशी एकदम देत नसत. पहिली घेऊन काही महिने गेले की दुसरी, म्हणजे एक आटली तरी दुसरी दुधात राहते आणि तोवर कर्जदाराची पारखही होते. संगणकाचे तसेच करावे. पहिल्या दिवशी सगळे घेऊ नये. कामाचे पैसे येऊ लागले की रॅम वाढवावी, पुढच्या वर्षी मोठे कार्ड घालावे, जुने विकावे. पेटी, पॉवर सप्लाय आणि पडदा तेच राहतात. एक खर्च मात्र पुढे ढकलू नये. केलेल्या कामाची प्रत दुसऱ्या एखाद्या हार्ड डिस्कवर हवी आणि ती डिस्क यंत्रापासून वेगळी ठेवलेली हवी. यंत्र जळाले तर पुन्हा आणता येते, सहा महिन्यांचे काम बाजारात मिळत नाही. आणि हे यंत्र म्हणजे सोने नव्हे, हे आईवडिलांनी पक्के समजावे. त्याचा घसारा मोठा. आयकर खात्यानेही साध्या यंत्राच्या दुपटीहून अधिक धरला. तीनचार वर्षांत त्याने आपली किंमत कमावून दिली पाहिजे. तशी शक्यता दिसत नसेल, मुलाची हौसच अजून ठरायची असेल, तर घरातल्या जुन्या संगणकावर ब्लेंडर टाकून द्यावे. सहा महिने त्यावर किटल्या आणि खुर्च्या घडवू द्याव्यात. ज्याला हे काम खरेच हवे आहे तो हळू यंत्रावरही थांबत नाही.

आमच्या इमारतीतल्या मुलीला दिवाळीच्या सुमारास पहिले काम मिळाले. एका अंतर्गत सजावटकाराला दोन खोल्यांचे फिरते चित्रण हवे होते. दोन रात्री यंत्र चालले. आई पहाटे चारला डब्याच्या तयारीला उठे तेव्हा पडद्यावर आकडा सरकताना पाही आणि कुणाला जाग येऊ नये म्हणून कुकर उशिरा लावी. काम पसंत पडले, एक भिंत तेवढी बदलावी लागली. मुलीने बिल केले ते मला दाखवायला आणले. अक्षर, तारीख, रक्कम सगळे नीटनेटके होते. तिच्या मेहनतीचे तास होते, गिऱ्हाइकाकडे जायचे रिक्षाभाडे होते. विजेचे नव्हते. "आजोबा, ते कुठे लावायचे? ते तर घरचंच बिल आहे," ती म्हणाली. तिची आई दारातूनच म्हणाली, "डब्यात गॅस धरते ना मी?"

मग तिने तेही लावले.